गुरुवारची हवा

पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांत आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. बाहेरून आलेल्या माणसाला याचे नवल वाटते. मुलांच्या शाळेला रविवार आणि वडिलांना गुरुवार, अशा घरांत बापलेकांची निवांत गाठ दिवाळीतच पडायची. यामागे देवधर्म काही नाही, वीज आहे. सगळे कारखाने एकाच वारी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू राहिले तर विजेचा भार पेलवत नाही, म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून दिले गेले. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो अंगवळणी पडला.

त्या दिवशी भोसरीच्या टी ब्लॉकातून किंवा एस ब्लॉकातून चालत गेले, तर एरवी प्रेसच्या ठोक्यांखाली दडलेले आवाज ऐकू येतात. मेन्टेनन्सची कामे गुरुवारीच निघतात, त्यामुळे एखाद्या गाळ्याचे शटर अर्धे उघडे असते. आतून बारीक, न थांबणारा 'स्स्स' येत असतो. मशिने बंद, माणसे घरी, आणि कोपऱ्यातला कॉम्प्रेसर मात्र दर काही मिनिटांनी घुरघुरतो, गप्प होतो, पुन्हा घुरघुरतो. तो हवा भरतोय ती भोकांसाठी.

हवा फुकट असते. दाबलेली हवा मात्र कारखान्यातल्या सर्वांत महाग गोष्टींपैकी एक आहे. शॉपवर तिला नुसते 'एअर' म्हणतात. नटरनर एअरवर चालतो, फिक्श्चरमधला जॉब एअरने पकडला जातो, रंगाची गन एअरवर, आणि मशिनिंग झालेल्या जॉबवरचे चिप्स उडवायलाही एअरच मारतात. शिफ्ट सुटताना कपड्यांवरची धूळ झटकायला पोरे अंगावरही एअर मारतात. हा प्रकार डोळ्यांना आणि कातडीला धोक्याचा आहे, पण सर्रास चालतो. आता या हवेचा हिशेब बघा. विजेवर मोटर फिरते, मोटर हवा दाबते, दाबताना हवा तापते, ती उष्णता थंड करून बाहेर फेकून द्यावी लागते. पुढे पाइप, वळणे, फिल्टर यांत दाब उतरत जातो. शेवटी हत्याराच्या टोकाशी जे काम हाती लागते ते मूळ विजेच्या १० ते ३० टक्के. तरीही हवा वापरतात, कारण हवेचे हत्यार हलके असते, ठिणगी पाडत नाही आणि अडकून बसले तरी जळत नाही.

एवढ्या खर्चाने तयार केलेली ही वस्तू गळते. ३ मिलिमीटर व्यासाचे भोक घ्या, बॉलपेनच्या रिफिलीएवढे. ७ बार दाबाला त्यातून मिनिटाला वीसएक घनफूट हवा निसटते. मिनिटाला १०० घनफूट हवा, शॉपच्या भाषेत १०० सीएफएम, तयार करायला साधारण १८ ते २० किलोवॉट लागतात. म्हणजे त्या एका भोकाला ४ किलोवॉट. दोन पाळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १९,२०० युनिट. युनिटला ९ रुपये लावले तर रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात जाते. आणि हे भोक बहुधा असते कुठे, तर पाइप जोडायच्या काही शे रुपयांच्या कपलरमध्ये, किंवा पीयू पाइपच्या चिरलेल्या टोकाशी.

गळती मोजायला गुरुवारसारखा दिवस नाही. सगळी मशिने बंद ठेवायची, लाइनचे व्हॉल्व उघडे, आणि कॉम्प्रेसर चालू. हातात घड्याळ घेऊन बसायचे. कॉम्प्रेसर किती वेळ हवा भरतो, म्हणजे लोड असतो, आणि किती वेळ अनलोड असतो, हे चार-पाच वेळा टिपायचे. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले शंभर. तीन मिनिटे लोड आणि सात मिनिटे अनलोड निघाले, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ३० टक्के हवा भोकांतून चालली आहे. ही गळती १० टक्क्यांच्या आत असावी. निगा न राखलेल्या लाइनवर २०-३० टक्के निघणे ही नेहमीची गोष्ट. या चाचणीला उपकरण लागत नाही की सल्लागार लागत नाही. चालू दिवशी मात्र ती करता येत नाही, कारण तेव्हा मशिनेही हवा ओढत असतात.

भोके कुठे आहेत हे शोधायला साबणाचे पाणी आणि रंगाचा जुना ब्रश पुरतो. मोठ्या कारखान्यांत अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात. निसटणाऱ्या हवेचा आवाज ४० किलोहर्ट्झच्या आसपासही असतो. माणसाचा कान २० च्या पुढे ऐकत नाही. यंत्र तो आवाज खाली उतरवून कानात घालते, त्यामुळे प्रेस चालू असतानाही छताजवळचे भोक सापडते. साधन छान आहे. पण साबणाने जे सापडते तेही बुजवलेले नसताना यंत्र विकत घेण्यात काय अर्थ?

बहुतेक ठिकाणी काय होते, तर ऑपरेटर ओरडतो की गन मारत नाही. फोरमन कॉम्प्रेसरचा दाब ६ बारवरून ७ वर नेतो. तक्रार थांबते. पण एका बारमागे वीज ६-७ टक्क्यांनी वाढते, आणि वाढलेल्या दाबाला तीच भोके जास्त हवा ओकतात. कॉम्प्रेसर ठेवलेला असतो पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला चिकटून, स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत. आत जाणारी हवा ४ अंशांनी गरम असली की वीज सुमारे एक टक्का जास्त लागते. एप्रिल-मे महिन्यांत चाकणच्या एखाद्या बंदिस्त कॉम्प्रेसर रूममध्ये पाच मिनिटे उभे राहून पाहा, मग हा टक्का कुठून येतो ते घामाने कळेल.

या पट्ट्यात संशोधन होत नाही असे कोणी म्हणू नये. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा इथे शेते होती. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलेल्या एका सूक्ष्मजीवाचे नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' आहे. जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या यादीत पिंपरी अशी कायमची जाऊन बसली. १९६६ मध्ये वाहनउद्योगासाठी एआरएआय ही संशोधन संस्था पुण्यात स्थापन झाली, आज तिचे काम चाकणलाही चालते. भोसरीत रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था सीआयआरटी आहे. चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे, तिथे लहान उद्योजकाला स्वतः घेणे परवडणार नाही अशी चाचणीची यंत्रे भाड्याने वापरता येतात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि केपीआयटी या कंपनीने हायड्रोजनच्या इंधनघटावर मिळून काम केले आणि त्यावर चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात लोकांपुढे आली. या सगळ्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण हायड्रोजनची बस रस्त्यावर यायला जेवढी बुद्धी लागते तेवढी कपलर बदलायला लागत नाही, आणि तरी कपलर बदलला जात नाही. हा प्रश्नही संशोधनाचाच आहे, फक्त त्याला प्रयोगशाळा नाही.

आकड्यांत बोलायचे तर, मोशीला महापालिकेचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रोज ७०० टन कचरा, १४ मेगावॉट वीज, खर्च ३०० कोटींच्या आसपास. प्रकल्प हवाच होता. कचरा कुठे तरी जायलाच हवा. पण १४ मेगावॉट म्हणजे चार किलोवॉटची साडेतीन हजार भोके. तळेगावपासून चाकणपर्यंत आणि खाली भोसरीपर्यंत किती शेड आहेत ते डोळ्यासमोर आणा आणि दर शेडला एक रिफिलीएवढे भोक धरा.

कपलर का बदलत नाहीत? मालक आळशी आहेत म्हणून नव्हे. लहान शेडचा मालक सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत राबतो. पण त्याचे बिल एकच येते. प्रेसला किती गेले, दिव्यांना किती, एअरला किती, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. शेड बहुधा भाड्याची; लाइन आधीच्या भाडेकरूने टाकलेली. ज्याच्या हातात एअर गन आहे तो कंत्राटी मुलगा सहा-सात महिन्यांत दुसरीकडे जातो. आणि जॉबचा दर ठरतो चाकणच्या मोठ्या कंपनीच्या पर्चेस खात्यात, जिथे दर वर्षी दोन-तीन टक्के कमी करा असे सांगायची पद्धत आहे. मालक ते दोन टक्के मजुरीत शोधतो, कारण मजुरी दर शनिवारी दिसते. हवा दिसत नाही. म्हणून मला वाटते, या पट्ट्याला सर्वांत आधी नवे यंत्र नको आहे, एक सबमीटर हवा आहे. कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर वेगळा मीटर बसला की महिन्याच्या शेवटी आकडा भांडायला येतो.

कॉम्प्रेसरमधून वाया जाणारी उष्णता हा याच हिशेबाचा दुसरा भाग. स्क्रू कॉम्प्रेसरच्या तेलात ती उष्णता गोळा होते आणि पंखा ती बाहेर फेकतो. भिंतीपलीकडे पावडर कोटिंगच्या लाइनवर फॉस्फेटिंगची टाकी असते. तिचे पाणी ५०-६० अंशांवर ठेवायला त्यात विजेचे हीटर सोडलेले असतात. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला विजेने उष्णता फेकायची आणि दुसऱ्या बाजूला विजेने ती तयार करायची. मध्ये एक हीट एक्स्चेंजर टाकला तर ७० अंशांचे पाणी आरामात मिळते. काही मोठ्या कारखान्यांत हे झाले आहे. छोट्यांना अडचण वेगळीच असते: कॉम्प्रेसर एकाचा आणि कोटिंग जॉबवर्कला दुसऱ्याच्या गाळ्यात.

फोर्जिंगमध्ये तर उष्णता हाच धंदा. पोलाद ठोकायला ते १,१५० ते १,२५० अंशांपर्यंत तापवावे लागते. एक टन पोलाद तिथवर न्यायला शास्त्राप्रमाणे साधारण २३० युनिटांएवढी उष्णता पुरते. फर्नेस ऑइलच्या भट्टीत मात्र टनाला १०० ते १५० लिटर तेल जळते, आणि एका लिटरमध्ये ११ युनिटांची उष्णता असते. गुणाकार केला की दिसते, तेलातली उष्णता पाच ते सातात एक भाग पोलादात जाते, उरलेली धुराड्यातून, दारातून आणि तडकलेल्या विटांतून. २०१० च्या सुमारास ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, सिडबी आणि जागतिक बँक यांनी लघुउद्योगांसाठी एक कार्यक्रम हाती घेतला. त्यात देशातले पाच समूह निवडले गेले, त्यांत महाराष्ट्रातले दोन: कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि पुण्याचे फोर्जिंग. अशा भट्ट्यांसाठीचे उपाय ऐकायला अगदी घरगुती वाटतात. दार उघडे ठेवू नका. ज्वालेला लागते त्याहून जास्त हवा ढकलू नका, कारण ती फुकटची हवाही तापून धुराड्यातून जाते. धुराच्या वाटेवर रिक्युपरेटर बसवून जळणासाठीची हवा आधी तापवा. २० अंश तापली की एक टक्का तेल वाचते. विटांवर सिरॅमिक फायबरचे अस्तर द्या.

यापुढची पायरी इंडक्शनची. वीज तांब्याच्या वेटोळ्यातून जाते, चुंबकीय क्षेत्र बिलेटच्या, म्हणजे पोलादाच्या ठोकळ्याच्या, आतच प्रवाह निर्माण करते आणि बिलेट स्वतःच तापते. टनाला ४०० च्या आसपास युनिट. धूर नाही, तेलाचा वास नाही, आणि ऑपरेटरला भट्टीच्या तोंडाशी भाजून घ्यावे लागत नाही. पोलादावर स्केलचा पापुद्राही कमी धरतो. तेलाच्या भट्टीत टनामागे २०-३० किलो पोलाद नुसते पापुद्रा होऊन झडते. मग ही बाजी जिंकली म्हणायची का? कारखान्यापुरती, हो. पण ती ४०० युनिटे कोळशाच्या वीजकेंद्रातून येत असतील, तर तिथे त्यांच्यासाठी जवळपास १,२०० युनिटांएवढा कोळसा जळालेला असतो. धूर गेला, पण चंद्रपूर-कोराडीकडे. इंडक्शनच्या जाहिरातीत हे नसते. छपरावर किंवा दूरच्या शेतात सौरवीज घेतली, तरच हिशेब खरा पूर्ण होतो.

चिंचवडच्या थरमॅक्सचे एक काम इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते आधी थापच वाटते. उष्णतेपासून थंडी. १९६६ साली आदी भाठेना यांनी वॉन्सन इंडिया नावाने ही कंपनी सुरू केली, पुढे १९८० मध्ये तिचे नाव थरमॅक्स झाले. बॉयलर ही तिची मूळ ओळख, पण तिने व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशिनमध्येही नाव कमावले. यात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. बंद भांड्यातला दाब इतका उतरवलेला असतो की पाणी ५ अंशांनाच उकळते आणि उकळताना शेजारच्या नळ्यांतली उष्णता ओढून घेते. त्या नळ्या गार पडतात. झालेली वाफ लिथियम ब्रोमाइडचे द्रावण पिऊन टाकते. मीठ पावसाळ्यात ओल धरते तसेच हे, फक्त कैक पटीने हावरट. ओल धरून थकलेले द्रावण तापवले की पाणी पुन्हा मोकळे होते आणि चक्र पुढे चालते. ते तापवायला जनरेटरचा धूर चालतो, भट्टीचा चालतो, सूर्यावर तापलेले पाणीही चालते. ज्याला आपण धुराड्यातून हाकलत होतो त्यालाच एसीच्या कामाला जुंपायचे. मुंबई-पुण्याच्या पोराला हे शाळेत शिकवत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

कधी कधी तर यंत्राशिवायच काम भागते. २००५-०६ च्या भारनियमनाच्या दिवसांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये रोजचे तास ठरलेले होते. त्याच वेळी कारखान्यांच्या मागे डिझेल जनरेटर उभे होते. उद्योजकांच्या सीआयआय या संघटनेने तोड काढली: टंचाईच्या तासांना कारखान्यांनी आपले जनरेटर चालवावेत, त्यांची ग्रिडची वीज शहराला मिळावी, आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांवर थोडा थोडा वाटावा. कमी वीज वापरणाऱ्या घरांवर तो नको. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि २००६ मध्ये शहरातले भारनियमन थांबले. 'पुणे पॅटर्न' म्हणून ते गाजले. डिझेल जाळून मिळवलेला उजेड पर्यावरणाला काही हिताचा नव्हता, हे खरे. पण एकही नवा खांब न उभारता, नुसती विजेची आणि पैशाची देवघेव बदलून हे झाले.

आता पाण्याकडे. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आसपास हा सगळा पसारा वसला आहे, आणि आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की वर्तमानपत्रांत फोटो येतो. फेसाचा मोठा भाग घरगुती सांडपाण्याचा असतो. कारखान्यांचे जे खरे विष, त्याला फेस येत नाही. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते. रंग नारिंगी-पिवळा. त्याची वाफ वर्षानुवर्षे नाकात गेली तर नाकाच्या पडद्याला भोक पडते, आणि ते कर्करोगाला कारण ठरते. बाहेर सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम एवढी कडक आहे. काढायची रीत जुनीच आहे: पाणी आम्ल करायचे, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचे, पिवळे पाणी हिरवट झाले की हेक्साचे ट्राय झाले. मग चुना घालून गाळ खाली बसवायचा. तो गाळ पुन्हा घातक कचरा. तो रांजणगावच्या सामाईक केंद्राकडे पाठवायचा, वजनावर पैसे देऊन. ज्याला हे पैसे वाचवायचे असतात तो रात्री काय करतो, हे वसाहतीतल्या कुणालाही विचारा.

पण गंमत त्याच्या आधी आहे. मुळात एवढे पाणी खराब का होते? टाकीतून जॉब बाहेर काढला की त्याला द्रावण चिकटून येते आणि धुण्याच्या टाकीत जाते. समजा तासाला एक लिटर येते, आणि जॉब स्वच्छ व्हायला ते हजारपट विरळ करायला हवे. एकच टाकी असेल तर तासाला सुमारे हजार लिटर पाणी सोडावे लागेल. दोन टाक्या ओळीने ठेवल्या, ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडले आणि ते उलट्या दिशेने पहिल्या टाकीकडे वाहवले, तर तेवढीच स्वच्छता बत्तीस लिटरांत होते. तीन टाक्या ठेवल्या तर दहा लिटरांत. हजाराचे वर्गमूळ बत्तीस, घनमूळ दहा, एवढेच गणित. आपली आजी तांदूळ धुताना पहिले पाणी टाकून थोड्या थोड्या पाण्यात तीनदा धुते, ती हेच करते. त्यात जॉब टाकीवर पंधरा-वीस सेकंद निथळू दिला, तर चिकटून येणारे द्रावणच कमी होते. पंधरा सेकंद मात्र नगावर पैसे मिळणाऱ्या पीस रेटवाल्याला परवडत नाहीत, आणि तिसऱ्या टाकीला गाळ्यात जागा नसते. ज्या तंत्राला फक्त वर्गमूळ लागते ते अडते ते जागेवर आणि दरावर.

गाळ्यातल्या माणसाच्या बाबतीतही असेच अडते, आणि तिथली किंमत युनिटांत मोजता येत नाही. वाहनांचे सुटे भाग म्हणजे पत्रा, आणि पत्रा म्हणजे पॉवर प्रेस. डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायडल मारायचा. मिनिटाला कितीतरी ठोके, पाळीला हजारो. एका ठोक्याला हात उशिरा निघाला की बोट जाते. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते आहे. सुरुवात हरियाणापासून झाली. जखमींत पॉवर प्रेसवरचे जास्त, बोटे गमावलेले जास्त, आणि परप्रांतातून आलेले कंत्राटी कामगार जास्त, असे चित्र त्यात दिसते. चिंचवडच्या मोहननगरला कामगार विमा रुग्णालय आहे. त्याच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसले तर अहवाल वाचायची गरज उरत नाही.

यावर उपाय म्हणून हल्ली लाइट कर्टन विकले जाते. प्रेसच्या तोंडाशी अदृश्य किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस थांबतो. ऐकायला पक्के वाटते. पण इथेच बारकावा आहे, आणि तो विकणारा नेहमी सांगतोच असे नाही. जुन्या प्रेसला की-क्लच असतो. पायडल मारला की फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी चावी अडकते, आणि एकदा अडकली की रॅम, म्हणजे ठोका मारणारा भाग, पूर्ण फेरा करूनच थांबतो. मध्येच थांबवायची सोयच नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन लावले तर ठोका सुरू झाल्यावर आत गेलेला हात पडद्याला दिसतो, पडदा 'थांब' म्हणतो आणि प्रेस खाली येतोच. शिवाय चावी झिजली तर प्रेस न सांगता दुसरा ठोका मारतो; शॉपवर म्हणतात, 'प्रेसने डबल मारला'. त्या वेळी पायडलवर पायही नसतो. पडदा लावलेला पाहून ऑपरेटर निर्धास्त झालेला असतो, म्हणून धोका आधीपेक्षा वाढतो.

पडद्याचा उपयोग न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसवर होतो. त्यात क्लच हवेच्या दाबाने लागतो आणि ब्रेक स्प्रिंगने. हवा गेली, वीज गेली, काहीही गेले तरी स्प्रिंग ब्रेक दाबते. ही रचना करणाऱ्याला माझा नमस्कार. पण तिथेही पडदा किती दूर लावायचा याचे गणित आहे. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने जातो असे धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून निदान ४०० मिलिमीटर दूर हवा. आणि तो थांबण्याचा वेळ कायमचा नसतो. एअरमध्ये तेल-पाणी असले की क्लच व्हॉल्वचा सायलेन्सर चोंदतो, हवा लवकर सुटत नाही, ब्रेक उशिरा लागतो. काल बरोबर असलेले ४०० मिलिमीटर आज कमी पडतात, आणि पडद्याचा हिरवा दिवा मात्र तसाच पेटलेला असतो. एअर लाइनच्या ड्रेनमधून पाणी कोणी काढत नाही, ही विजेच्या बिलापुरती बाब राहत नाही ती अशी.

दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय चालणार नाही अशी सोयही असते. पीस रेटच्या घाईत त्यातले एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले दिसते. त्यावर ऑपरेटरला शिव्या देणे सोपे आहे. पण जॉबच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तर अख्खी लॉट परत पाठवणारी ऑडिट यंत्रणा चाकणला उभी आहे. तीच यंत्रणा व्हेंडरच्या शेडमध्ये येते तेव्हा त्या चिकटपट्टीसाठीही लॉट परत पाठवू शकते. मोठ्या कंपन्यांनी ही तपासणी आपल्या थेट व्हेंडरपलीकडे, त्याच्या जॉबवर्कवाल्यापर्यंत न्यावी. बोटे तिथेच जातात.

ज्यांच्या शेडमध्ये पॉवर प्रेस आहे त्यांनी येत्या गुरुवारी हवेची गळती मोजून झाली की फ्लायव्हीलच्या बाजूला जाऊन क्लच कोणता आहे ते पाहावे. न्यूमॅटिक असेल तर सायलेन्सर काढून धुवावा आणि थांबण्याचा वेळ मोजून घ्यावा. की-क्लच असेल तर लाइट कर्टनचे पैसे वाचवा. डायभोवती जाळीचा पक्का गार्ड ठोका, पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवून. शुक्रवारी पहिली पाळी सातला सुरू होते.